नाव न घेता

केंद्रात त्यांना सगळेच ताई म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणायच्या, आणि वयानं वडीलधारे असलेले पेशंटही बिनदिक्कत ताईच म्हणायचे. एचआयव्हीच्या गोळ्या मिळायचं ते केंद्र, सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून. ताई तिथे समुपदेशक होत्या. आजार कळल्यावर हादरलेल्या माणसाला सावरायचं, गोळी रोज घ्यायची हे त्याच्या गळी उतरवायचं, आणि तो मधेच यायचा बंद झाला तर शोधून परत आणायचं, हे त्यांचं काम. जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत दोन खुर्च्या आणि एक टेबल. दार लावलं की आतलं बोलणं बाहेर जात नसे. ताईंच्या पोटातलं कधी ओठांवर येत नाही, असं सगळे समजत होते. ताईही तसंच समजत होत्या.

एके दिवशी वरून फर्मान आलं, की आता केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनीही संशोधन करायला शिकायचं. आपल्याच कामातला एखादा प्रश्न निवडायचा, माहिती जमवायची, आकडे मांडायचे, लेख लिहायचा. शिकवणी सगळी ऑनलाइन. ठिकठिकाणच्या केंद्रांतली माणसं आठवड्यातल्या एका दुपारी पडद्यावर जमणार आणि मार्गदर्शक मॅडम शिकवणार. डॉक्टरांनी स्वतःची मान सोडवायला ताईंचं नाव पुढे केलं, असं मावशींचं ठाम मत होतं. ताईंना मात्र आतून बरं वाटलं. आजवरचं सगळं आयुष्य दुसऱ्याचं ऐकण्यात गेलं होतं. आपलंही कुणीतरी कान देऊन ऐकावं, ही त्यांची जुनी हौस होती.

ती हौस पहिल्याच दुपारी जिरली. नेटवर्क नीट यायचं ते फक्त औषधांच्या कोठारात, म्हणून ताई तिथे खोक्यांवर लॅपटॉप ठेवून बसल्या. मॅडमचं बोलणं चालू असताना मावशी चहा घेऊन आल्या, तेव्हा ताई त्यांना म्हणाल्या, "आज तरी साखर बेतानं घातलीत ना? काल नुसता पाक पाजलात." माइक चालू होता. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतली तोंडं एकदम हसली आणि मॅडम हसत म्हणाल्या, की आम्हालाही पाठवा. ताईंचे कान तापले. तेव्हापासून त्या माइक बंद करून, हाताची घडी घालून बसत. बाकीची मंडळी तरुण आणि चटपटीत. सरासरी म्हणजे काय आणि मध्यक म्हणजे काय, हे त्यांना पटकन कळायचं. ताईंच्या डोक्यावरून जायचं. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "काय, झालीस का शास्त्रज्ञ?" आणि ताई उत्तरादाखल भांडी आपटायच्या.

त्या चौकोनांमध्ये ताईंना जवळचं वाटावं असं एकच माणूस भेटलं. दुसऱ्या एका गावच्या केंद्रातल्या नर्स. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. वर्ग संपला की सिस्टर आपणहून फोन करायच्या आणि कुठलाही मोठेपणा न दाखवता ताईंना आकडेमोड समजावून सांगायच्या. बोलायला मोकळ्या, हसायला मोकळ्या. आपल्या केंद्रातले एकेक किस्से सांगायच्या, नाव न घेता. ताईंना तो फोन आवडायला लागला होता.

एका विषयात मात्र ताई सगळ्यांच्या पुढे निघाल्या. संशोधनातली नीतिमत्ता, म्हणजे पेशंटची परवानगी कशी घ्यायची, त्याची ओळख कशी झाकायची. त्या धड्याच्या परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. एक प्रश्न असा होता की, नाव गाळलं म्हणजे माणसाची ओळख लपली असं म्हणता येईल का? ताईंनी क्षणाचाही विचार न करता 'नाही' या उत्तरावर खूण केली होती. लेकीनं प्रमाणपत्र छापून आणलं आणि नवऱ्यानं ते फ्रिजच्या दारावर चिकटवलं, चिडवण्यासाठी म्हणून, पण काढलं कुणीच नाही.

मग प्रत्येकानं आपापला प्रश्न मांडायची दुपार आली. ताईंनी विषय घेतला होता की काही पेशंट सगळ्या अडचणी सोसूनही गोळ्या चुकवत नाहीत, ते कशामुळे. लेकीनं तक्ते करून दिले होते. ताई वाचत गेल्या आणि चौकोनांमधल्या नजरा हळूहळू भलतीकडे वळत होत्या. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी बिस्किट खात होतं. मॅडमनी मधेच थांबवून म्हटलं, "ताई, आकडे ठीक आहेत. पण तुमचा अनुभव मोठा आहे. एखादं उदाहरण सांगा ना, म्हणजे या आकड्यांमागचं माणूस दिसेल."

आणि ताईंची कळी खुलली. हे त्यांना येत होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

त्यांनी पार्लरवालीची गोष्ट सांगितली. नाव अर्थातच घेतलं नाही. एक बाई आहे म्हणाल्या, छोटंसं ब्यूटी पार्लर चालवते. घरी दीर-जावांचा राबता, पार्लरमध्ये दिवसभर गिऱ्हाइकांचा. गोळ्या ठेवायच्या कुठे? तर या बाईनं शक्कल काढली. चेहऱ्याला लावायच्या लेपाची रिकामी बरणी घेतली, त्यात गोळ्या भरल्या, आणि वर लाल चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत लिहिलं, 'खराब झालं आहे, वापरू नये.' बरणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आरशाखालच्या फळीवर. गिऱ्हाइकं बघतात, घरची माणसं बघतात, हात कुणी लावत नाही. शटर ओढलं की बाई आरशात बघून गोळी घेते. गोळ्या न्यायला येते त्या दिवशी घरी सांगते, माल आणायला जातेय. "आणि ते खोटंही नाही," ताई म्हणाल्या, "मालच नेते ती!"

चौकोन हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पडद्यावर बदामाची चित्रं सोडली. मॅडम म्हणाल्या की वा, याला म्हणतात माहिती जिवंत होणं. ताईंना भरून आलं. बाई वेळेवर येते, कशी नीटनेटकी असते, नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तोही बरोबर येतो, दोघं एकमेकांना सांभाळून असतात, असं कुणी न विचारताही त्या सांगत सुटल्या. सिस्टरचा चौकोन मधेच काळा झाला होता. ताईंनी तो पाहिला, आणि त्यांच्याकडे वीज गेली असेल असं मनाशी म्हणून पुढे बोलत राहिल्या.

त्या संध्याकाळी अंगावर मूठभर मांस चढलं होतं. घरी त्यांनी स्वतःहून नवऱ्याला सांगितलं की आज शास्त्रज्ञ झाले.

दुसऱ्या दिवशी पेशंटची गर्दी ओसरल्यावर सिस्टरचा फोन आला. ताईंनी हौसेनं उचलला. वाटलं, काल वीज गेल्यामुळे राहिलेलं कौतुक असेल. सिस्टरचा आवाज मात्र कोरडा होता.

"ताई, एक विचारते. त्या बरणीला निळं झाकण आहे का? एका बाजूनं चेपलेलं?"

"तुम्हाला कसं माहीत?" ताई बोलून गेल्या.

बोलल्या, आणि त्याच क्षणी त्यांना कळलं. म्हणायला हवं होतं की मी काही सांगू शकत नाही. त्यांना हे पाठ होतं, त्याचे त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पण जीभ मोकळी होऊन गेली होती. मग सिस्टर म्हणाल्या, "ती माझी वहिनी आहे. मागे मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा ती बरणी उघडायला गेले, टाचांना लावायला म्हणून. तिनं माझ्या हातातून हिसकावून घेतली. मला वाटलं, नणंद म्हणून राग आहे माझ्यावर."

ताईंनी खोलीचं दार लावून घेतलं.

"म्हणजे माझा भाऊसुद्धा?"

"मला काही सांगता येणार नाही, सिस्टर," ताई म्हणाल्या. आता म्हणाल्या.

ताईंना त्याहीपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. पार्लरवाली पहिल्यांदा आली होती तेव्हा ताईंनी विचारलं होतं, की तुमच्या गावात केंद्र असताना दोन बस बदलून इथे कशाला येता. ती म्हणाली होती, "तिथे आमच्या ओळखीचं माणूस आहे, ताई." ताईंनी मान डोलावली होती. त्या गावच्या केंद्रातलंच माणूस प्रशिक्षणात दर आठवड्याला समोर बसतंय, आपल्याला फोन करतंय, हे डोळ्यांसमोर असून त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? डोक्यात त्या दुपारी दुसरंच काही होतं.

सिस्टरनी विनवलं की हे आपल्या दोघींतच ठेवा. मी कुणाला काही बोलणार नाही. त्यांनी मला सांगितलं नाही, तर मला माहीत नाही, असंच मी राहीन. तुम्हीही वहिनीला काही बोलू नका, उगाच तिच्या जिवाला घोर. ताईंनी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. आपण अजून स्वतःपुरतंच बघतोय, हे त्यांना दिसत होतं. तरीही त्या गप्प राहिल्या. पुढच्या वर्गाला त्यांनी तब्येतीचं कारण सांगून दांडी मारली. फ्रिजवरचं प्रमाणपत्र काढून टाकलं. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, दार पुसायचं होतं.

पार्लरवाली तिच्या ठरल्या दिवशी आली. नेहमीसारखी टापटीप, केस बांधलेले, खांद्याला मोठी पिशवी. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून एकटीच आली होती. खुर्चीत बसून तिनं गोळ्यांबद्दल सगळं नीट सांगितलं आणि मग पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाली की ताई, नणंदेचं काहीतरी बिनसलंय. पूर्वी महिन्यातून एखादा फोन करायची. आता सारखा करते. जेवलीस का, वजन किती आहे, रात्री घाम येतो का. तिच्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, तर विचारते की आईच्या आठवणीनं रडू येतं का तुला. काल फळं पाठवली. इतकी, की शेजाऱ्यांना वाटावीत.

"तिला कुठून काही कळलं असेल का हो?" तिनं विचारलं. "म्हणजे तुमची ही केंद्रं एकमेकांना कळवतात का? आमची नावं?"

सुटायला वाट होती. केंद्रं एकमेकांना नावं कळवत नाहीत, हे शंभर टक्के खरं होतं. तेवढं सांगितलं असतं तरी ती समाधानानं गेली असती. ताईंनी तोंड उघडलं तेही ते सांगायलाच. पण समोरची बाई त्यांच्याकडे अशा भरवशानं बघत होती, की त्यांनी ते वाक्य सोडून दिलं.

"नावं नाही कळवत," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं. माझ्यामुळे कळलं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. प्रशिक्षण, मॅडमनी मागितलेलं उदाहरण, चौकोन, फोन. मधे थांबल्या नाहीत, कारण थांबलं तर रडू येईल आणि मग या बिचारीलाच आपली समजूत काढावी लागेल, हे त्या कामाच्या सवयीनं जाणून होत्या. पार्लरवालीनं मान खाली घालून ऐकलं. पिशवीचा बंद तिनं बोटाला गुंडाळला होता, तो गुंडाळतच गेली.

"माझी बरणी सांगितलीत?" ती शेवटी म्हणाली.

"हो."

"चिकटपट्टीवर काय लिहिलंय, ते पण?"

"हो."

"मग? हसले सगळे?"

ताईंना खोटं बोलता आलं नाही. "हसले. पण कौतुकानं हसले. खरंच सांगते. सगळ्यांना तुमचं..."

"म्हणजे हसलेच," पार्लरवाली म्हणाली.

तिनं बंद बोटावरून सोडवला. बोट पांढरं पडलं होतं. गोळ्या पिशवीत घातल्या, वर ओढणी ठेवली, आणि येते असंही न म्हणता उठली. दार मात्र तिनं हळूच लावून घेतलं, बाहेर बसलेल्यांना काही कळू नये असं. ताई बसल्या जागी बसून राहिल्या. पुढच्या पेशंटनं दार वाजवलं तेव्हा त्यांनी उठून स्वतःच दार उघडलं.

दुपारी त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि झालं ते सांगितलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी समजूतच घातली. एवढं मनाला लावून घेऊ नका, तुम्ही नाव थोडंच घेतलं होतं, उदाहरणं तर सगळेच देतात. ताईंना वाटलं, त्यांनी चार शब्द सुनवले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. मॅडम मात्र हलल्या. त्या वर्गाचं चित्रीकरण सगळ्यांना बघायला ठेवलेलं होतं, ते त्यांनी लगेच काढते म्हणून सांगितलं. चूक माझीही आहे, म्हणाल्या, उदाहरण मी मागितलं. ताई म्हणाल्या की काढायच्या आधी मला एकदा बघायचंय. मी नक्की काय काय बोलले, ते मला माहीत असायला हवं. त्या बाईनं विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

कोठाराचं दार लावून त्यांनी ते पाहिलं. सांगितलेलं त्यांना आठवत होतं, त्याहून पुष्कळ जास्त होतं. पण बोललेल्या शब्दांपेक्षा त्यांना बघवेना तो कोपऱ्यातल्या चौकोनातला स्वतःचा चेहरा. तो चेहरा उजळत चालला होता. हसण्याची जागा आली की एक श्वास थांबत होता, हसू येऊ देत होता, मग पुढचं वाक्य टाकत होता. त्या बाईनं जिवाच्या भीतीनं, स्वतःच्याच पार्लरच्या आरशासमोर जे केलं होतं, ते हा चेहरा विनोदासारखं वाढत होता. खालच्या रांगेत सिस्टरचा चौकोन होता. बरणीचं नाव निघालं तेव्हा सिस्टर हसत होत्या. लाल पट्टीवर त्यांचं हसू थांबलं. चष्म्याच्या दुकानावर त्या पडद्याच्या जवळ आल्या, तोंडावर हात ठेवला, आणि चौकोन काळा झाला. पडद्यावरच्या ताई मात्र बोलतच होत्या.

ताईंनी लॅपटॉप बंद केला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून खोक्यांच्या मधे उभ्या राहिल्या. कोठारात कुणी नव्हतं, तरी.

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्यांनी हळुवारपणे सुचवलं की पुढच्या तुकडीला नीतिमत्तेचा धडा शिकवताना ताईंनी हा अनुभव सांगावा. अर्थातच तपशील बदलून. अशा खऱ्या प्रसंगानं माणसं जास्त शिकतात. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, मी चुकले एवढं कुणालाही सांगेन. पण ती गोष्ट आता माझ्याकडून पुन्हा कुणी मागू नका." मॅडम बरं म्हणाल्या. प्रशिक्षण ताईंनी सोडलं नाही. सोडावंसं फार वाटत होतं, पण सोडलं असतं तर तेही तोंड लपवणंच झालं असतं. त्या दर आठवड्याला जाऊन बसत, आकडे शिकत. स्वतःचा चौकोन पडद्यावर दिसू नये याची युक्ती त्यांनी लेकीला विचारून घेतली होती. सिस्टर यायच्या. दोघी एकमेकींना नमस्कार करायच्या. फोन पुन्हा झाला नाही.

पार्लरवालीच्या गोळ्या संपत आल्या, ठरलेला दिवस आला, आणि ती आली नाही. ताईंचं लक्ष दिवसभर दाराकडे. असा पेशंट न आला तर फोन करायचा हे त्यांचं कामच होतं, पण हात फोनकडे जाईना. आपला आवाज ऐकून ती गोळ्याच टाकून देईल, अशी भीती वाटत होती. संध्याकाळी केंद्र बंद होता होता तिचा नवरा आला.

तो उंच, वाकून चालणारा, अबोल माणूस. चष्मा नाकावर सरकवायची सवय. खुर्चीत बसला आणि म्हणाला, की दोघांची नावं दुसऱ्या केंद्रात बदलून हवीत. त्यानं केंद्राचं गाव सांगितलं. ते आणखी लांब होतं, विरुद्ध दिशेला. बस कमी. ताईंनी कागद काढायला घेतले. त्याच्याकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

"बहीण येऊन गेली," तो आपणहून म्हणाला. "बायकोनंच बोलावून घेतलं तिला. म्हणाली, कळलंच आहे तर समोर बसून कळू दे. खूप रडली. मग भांडली माझ्याशी, की मी या कामात असताना तू मला सांगितलं नाहीस."

ताईंनी मान वर केली.

"काय सांगू तिला?" तो म्हणाला. "ती आमच्याकडे जेवायला आली की पेशंटच्या गोष्टी सांगायची. नाव कधी नाही घेतलं हो, बिलकुल नाही. पण अमका असा आला, तमकी अशी रडली. सगळे पोट धरून हसायचे. आम्ही दोघंही हसायचो. त्यात आपली गोष्ट येऊ नये, म्हणून इतक्या लांब इथे यायला लागलो."

तो हे टोचून बोलला नव्हता. बहिणीची तक्रार करावी तितक्याच साध्या आवाजात बोलला होता, आणि बोलून झाल्यावर आपण कुणासमोर काय म्हणालो हे त्याच्या ध्यानात आलं असावं. चष्मा काढून तो शर्टाला पुसत बसला. ताईंना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. धुलाईघरातलं यंत्र तेवढं घरघरत होतं.

"मी त्यांना भेटायला येऊ का?" ताईंनी विचारलं. "घरी नाही. त्या म्हणतील तिथे. मला एकदा त्यांची माफी मागायची आहे. त्या दिवशी मी सगळं सांगितलं, पण माफी मागायची राहूनच गेली."

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"नका येऊ," तो म्हणाला. "ताई भेटायला येते म्हणाल्या तर काय सांगू, असं मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, ताईंनी माफी मागितली की मला 'असू दे' म्हणावं लागेल. आणि अजून तसं वाटत नाहीये."

ताईंनी मान हलवली. कागदांवर सह्या केल्या, शिक्के मारले, तोवर पुरतील इतक्या गोळ्या आणून दिल्या. त्यानं त्या मोजूनमापून नाही, नुसत्याच खिशात आणि पिशवीत वाटून ठेवल्या. दारापर्यंत जाऊन तो वळला. गोळ्या चुकणार नाहीत, म्हणाला, ती काळजी नको. बहिणीशीही हळूहळू जमेल. आता ती येते, जेवते, पण ताटावर बसली की एक शब्द बोलत नाही, सगळं घर चिडीचूप असतं, आणि पुतण्यांना कळत नाही की आत्याला झालंय काय. एवढं सांगून तो गेला.

नव्या केंद्रातली समुपदेशक तरुण होती. आवाजावरून उत्साही वाटत होती. कागद मिळाल्यावर तिनं रीतसर फोन केला. ताईंनी तिला औषधांची नावं सांगितली, तपासण्या कधी झाल्या ते सांगितलं, पुढची कधी करायची ते सांगितलं. मुलीनं सगळं टिपून घेतलं आणि मग मोकळेपणानं विचारलं, "आणि ताई, बाई कशा आहेत स्वभावानं? म्हणजे घरचं कसं काय, गोळ्या कशा सांभाळतात वगैरे? मला बोलायला सोपं जाईल."

सांगण्यासारखं इतकं होतं. ताईंइतकं त्या बाईला तिथे कुणी ओळखत नव्हतं.

"वेळेवर येतात," ताई म्हणाल्या. "बाकी काय सांगायचं ते त्यांनाच सांगू दे."